लर्विकची ‘विधवांची घरं’ : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लर्विक हे शेटलंड बेटांचं मुख्य गाव. तिथं समुद्राकडे तोंड करून उभी असलेली, बुडालेल्या दर्यावर्दींच्या बायकांसाठी बांधलेली दगडी घरं आहेत. स्कॉटलंडला फिरायला जाणारे आणि जहाजांच्या इतिहासात रस असणारे मराठी वाचक त्यांच्याबद्दल जे विचारतात ते इथं एकत्र केलं आहे. काही उत्तरं लांबली आहेत, काही एका ओळीत संपतात.

ही घरं नेमकी कुठं आहेत?

शेटलंड बेटं स्कॉटलंडच्या मुख्य भूमीच्याही उत्तरेला, 60 अंश अक्षांशावर आहेत. लर्विकच्या दक्षिण टोकाला ट्वेगॉस रोड आहे. बंदरातून नॅब नावाच्या टेकाडाकडे चालत निघालं की हा रस्ता लागतो. समोर ब्रेसे नावाचं बेट आणि मधे सामुद्रधुनी. आज या घरांना ‘अँडरसन होम्स’ म्हणतात. मूळ नाव ‘विडोज होम्स’, म्हणजे सरळ सरळ विधवांची घरं.

कुणी बांधली? कधी?

1865 साली, आर्थर अँडरसन यांनी, स्वतःच्या पैशांतून. त्यांची पत्नी मेरी अ‍ॅन आदल्या वर्षी वारली होती. तिच्या स्मरणार्थ ही घरं उभी राहिली आणि शेटलंडच्या खलाशांच्या व मच्छीमारांच्या विधवांना राहायला दिली गेली.

हे अँडरसन म्हणजे पी अँड ओ कंपनीवाले?

तेच. ‘पेनिन्सुलर अँड ओरिएंटल’ या आगबोट कंपनीच्या दोन संस्थापकांपैकी एक. दुसरे ब्रोडी विलकॉक्स. मुंबईच्या बॅलार्ड पिअरवर जिच्या मेलबोटी लागायच्या तीच ही कंपनी.

पण हा माणूस जन्माने श्रीमंत नव्हता. 1792 मध्ये लर्विकजवळ ग्रेमिस्टा इथं त्यांचा जन्म झाला. ते घर म्हणजे मासे खारवून वाळवायच्या धंद्याची इमारत होती. पोरवयात आर्थर किनाऱ्यावर तेच काम करायचे: मासा धुवायचा, मीठ लावायचं, दगडगोट्यांवर पसरायचा, पावसाचा थेंब आला की पळत जाऊन गोळा करायचा. 1808 मध्ये ते आरमारात गेले. निघताना त्यांचा मालक थॉमस बोल्ट याने दिलेला निरोप, ‘नीट काम कर आणि चिकाटी सोडू नकोस’, त्यांनी आयुष्यभर बोधवाक्य म्हणून वापरला. नेपोलियनची युद्धं संपल्यावर 1815 मध्ये आरमारातून सुटले, लंडनला विलकॉक्स यांच्या पेढीवर कारकून झाले आणि 1822 मध्ये तिथंच भागीदार. 1837 मध्ये स्पेन-पोर्तुगालच्या टपालाचं कंत्राट मिळालं, 1840 मध्ये कंपनीला राजसनद मिळाली. पुढचं सगळ्यांना माहीत आहे.

मुंबईशी संबंध फक्त बोटींपुरताच?

नाही, बराच खोल आहे. सुएझ ते मुंबई या टप्प्यावरचं टपाल आधी ईस्ट इंडिया कंपनीची जहाजं नेत. 1850च्या दशकात ते काम पी अँड ओकडे आलं. माझगाव गोदीही पुढे बराच काळ याच कंपनीच्या आणि ब्रिटिश इंडिया स्टीम नॅव्हिगेशनच्या ताब्यात होती. भारत सरकारने ती 1960 मध्ये घेतली. विलकॉक्स 1862 मध्ये वारले आणि कंपनीची सूत्रं अँडरसन यांच्याकडे आली. म्हणजे लर्विकच्या घरांचे दगड रचले जात होते तेव्हा ते कंपनीच्या शिखरावर होते. त्या दगडांत मुंबईच्या टपालाचा आणि मालवाहतुकीचा पैसाही आहे, असं म्हणायला हरकत नाही.

त्या मालात अफू होती, हे खरं का?

खरं आहे. माळव्याची अफू मुंबईत यायची आणि तिथून चीनला जायची. पी अँड ओच्या आगबोटी ती वाहून नेत आणि तिच्या भाड्यावर कंपनीला चांगली कमाई होई. त्याच व्यापारातून सर जमशेटजी जीजीभॉय यांच्यासारखे मुंबईतले शेठही मोठे झाले आणि त्यांनी जे. जे. रुग्णालय दिलं. त्यामुळे मुंबईकराने या मुद्द्यावर लर्विककडे बोट दाखवताना जरा जपून. दानाचा हिशेब मांडताना ही बाजू लपवायची नाही, एवढंच. इथून पुढे घरांकडे वळतो, कारण अँडरसन यांची चरित्रं भरपूर आहेत. त्या घरांत राहिलेल्या बायकांबद्दल फारसं कुणी लिहीत नाही.

विधवांना घरच का दिलं? पैसे का नाही?

सर्वांत चांगला प्रश्न. याचं उत्तर शेटलंडच्या जमिनीत आहे.

एकोणिसाव्या शतकात तिथली शेतजमीन मोजक्या जमीनदारांची होती. कूळ म्हणून राहायचं तर अट अशी की घरातल्या पुरुषाने मालकासाठी मासेमारी करायची. मासा मालकाला किंवा त्याने नेमलेल्या व्यापाऱ्यालाच द्यायचा, तोही त्याने ठरवलेल्या भावाने. करार वर्षाचा असे, बहुतेक वेळा तोंडी, आणि मालकाने चाळीस दिवसांची सूचना दिली की कुळाने बाहेर पडायचं. कोकणातल्या खोतीच्या गोष्टी ज्यांनी आजोबांकडून ऐकल्या आहेत त्यांना हे चटकन कळेल. फरक इतकाच की इथं भात घालायचा नव्हता, मासा घालायचा होता.

आता विचार करा. नवरा समुद्रात गेला की त्या घरातून मासा येणं बंद. बोट उधारीवर घेतलेली, दोर-गळ उधारीवर, हिवाळ्यात खाल्लेलं ओटचं पीठही उधारीवर. माणूस बुडतो, बोट बुडते, दोर बुडतात. व्यापाऱ्याच्या वहीतली बाकी तेवढी कोरडी राहते. कूळ म्हणून त्या घरात राहायचा आधारच संपलेला असतो. सगळ्याच मालकांनी बायकांना हाकलून दिलं असं नाही. काहींनी ठेवूनही घेतलं, विशेषतः मुलगा हाताशी येणार असेल तर. पण ते मालकाच्या मनावर. हक्क म्हणून काही नव्हतं. 1886च्या क्रॉफ्टर कायद्याने कुळांना जमिनीवर कायमचा आणि वारसाने चालणारा हक्क दिला तेव्हा कुठं ही टांगती तलवार दूर झाली. घरं त्याच्या 21 वर्षं आधीची आहेत.

म्हणून माझं मत असं की अँडरसन यांनी नेमकी नस पकडली. पीठ शेजारी देतात, कपडा चर्च देतं. छप्पर कोण देणार?

एवढी माणसं बुडायची कशी?

उघड्या होडीतून अटलांटिकमध्ये जात असत म्हणून.

या मासेमारीला ‘हाफ’ म्हणत; जुन्या नॉर्स भाषेतला शब्द, अर्थ खुला समुद्र. मे ते ऑगस्ट हा हंगाम. होडीचं नाव सिक्सरीन: सहा वल्ही, सहा माणसं, एक चौकोनी शीड, आणि वर डेक नाही. लांबी साधारण 30 फूट. फळ्या एकीवर एक चढवून खिळलेल्या, मुद्दाम हलक्या ठेवलेल्या, कारण परत आल्यावर तीच सहा माणसं ती होडी ओढून दगडी किनाऱ्यावर घ्यायची. बेटांवर झाडं जवळपास नाहीत, म्हणून लाकूड नॉर्वेहून यायचं. कित्येकदा कापून तयार केलेले होडीचे भागच यायचे आणि इथं जोडले जायचे.

अशा होडीतून तीस-चाळीस मैल बाहेर जायचं. सोबत भाकरीसारखे जाड बॅनक, पाणी, आणि ताकाच्या निवळीचं आंबवलेलं पेय. मग मैलोन्‌मैल लांबीचा दोर समुद्रात सोडायचा. त्याला शेकड्यांनी गळ, प्रत्येक गळाला आमिष. थांबायचं. मग तो सगळा दोर हातांनी वर ओढायचा. एक माणूस दोर ओढतोय, एक मासा काढतोय, एक पाणी उपसतोय. कॉडच्या जातीचे मोठे, जड मासे होडीत भरत जातात, होडी पाण्यात खाली बसत जाते. नेमकं त्याच वेळी वारं फिरलं तर? मासा फेकून देता येतो. दोर कापून पळ काढता येतो. पण दोर म्हणजे कर्ज, आणि कापलेला दोर पुढच्या हंगामाचं पोट. तिथं किती वेळ हात अडखळला असेल याची कल्पना आपण फक्त करू शकतो.

मोठ्या दुर्घटना कोणत्या?

घरांच्या आधीची सर्वांत मोठी जुलै 1832ची. वादळात 31 होड्या गेल्या, 105 माणसं मेली. अँडरसन तेव्हा चाळीशीत होते, लंडनला स्थिरावलेले. चार वर्षांनी, 1836 मध्ये, त्यांनी शेटलंडसाठी पहिलं वर्तमानपत्र सुरू केलं, आणि त्यानंतर व्हेला बेटावर एक मासेमारी कंपनी, जिथं मच्छीमाराला मालकाच्या वहीबाहेर आपला मासा विकता यावा असा प्रयत्न होता. जमीनदारांना तो अर्थातच खुपला.

घरांनंतरची मोठी दुर्घटना ग्लूपची, जुलै 1881. बहुतांश येल बेटाच्या उत्तर टोकाहून निघालेल्या 10 होड्या आणि 58 माणसं एका रात्रीत गेली. मागे 34 विधवा आणि 85 पोरकी मुलं राहिली. ग्लूपला आज एक स्मारक आहे: कडेवर मूल घेतलेली बाई समुद्राकडे बघते आहे. ते शंभर वर्षांनी, 1981 मध्ये उभारलं. डिसेंबर 1900 मध्ये डेल्टिंग भागातली 22 माणसं गेली, तीही नाताळच्या तोंडावर.

पण आकड्यांमुळे एक गैरसमज होतो. विधवा फक्त मोठ्या वादळांत होत नसत. दर वर्षी एखाद-दुसरी होडी, एखादा आरमारात गेलेला, एखादा ग्रीनलंडच्या देवमासे मारणाऱ्या जहाजावर गेलेला, असं चालूच असे. अशा एकट्या-दुकट्या मृत्यूसाठी कुणी निधी उघडत नाही. एका दिवशी पन्नास माणसं मेली तर लंडनच्या पेपरात बातमी येते. पन्नास आठवड्यांत पन्नास मेली तर येत नाही.

बायका काम करत नव्हत्या का?

कुणी विचारलं की मला हसू येतं. शेटलंडची शेती बायकांच्याच जिवावर चालायची. पुरुष समुद्रावर, त्यामुळे जमीन खणणं, गाय बघणं, जळणासाठी दलदलीतली पीट माती कापून वाळवणं, सगळं त्यांचं. ती पीट पाठीवरच्या गवताच्या टोपलीत, किशीत, भरून मैलभर आणायची आणि चालता चालता विणायचं. कमरेला चामड्याचा पट्टा, त्यावर घोड्याच्या केसांनी भरलेली छोटी उशी, उशीला भोकं. सुईचं एक टोक त्या भोकात रोवलं की सुई आपोआप स्थिर राहते, नजर रस्त्यावर ठेवता येते आणि हात चालू राहतात. शेटलंडच्या बारीक शाली अंगठीतून ओढून काढता येतात म्हणून प्रसिद्ध झाल्या, त्या याच हातांच्या. या विणकामाला लंडनला नाव मिळवून देण्यात अँडरसन यांचाही हात होता. 1837 मध्ये त्यांनी राणी व्हिक्टोरियाला शेटलंडचे विणलेले मोजे भेट दिले.

मग विणकामावर पोट भरत नव्हतं?

इथं खरी गोम आहे. व्यापारी शालीचे पैसे रोख देत नसे. चहा, सुती कापड, असला दुकानातला माल द्यायचा, नाहीतर चिठ्ठी द्यायचा जी फक्त त्याच्याच दुकानात चालायची. 1872 मध्ये सरकारने या पद्धतीची चौकशी केली, लर्विकला बायकांच्या साक्षी झाल्या. त्यातून चित्र दिसतं ते असं: बाई आठवडे घालून शाल विणते, बदल्यात चहा मिळतो, मग तो चहा घेऊन ती दारोदार जाते आणि कुणाकडून पीठ, कुणाकडून बटाटे घेते.

चहा देऊन पीठ मिळतं. चहा देऊन घरभाडं भरता येत नाही. नवरा असलेल्या बाईला हे निभावून नेता यायचं, कारण हंगामाच्या शेवटी माशांचा हिशेब तरी व्हायचा. गावात खोली घेऊन राहणाऱ्या विधवेला रोकड आणायची कुठून? 1865च्या घरांचं मोल मला या चौकशीचे कागद वाचल्यावर नीट कळलं. राहायचा प्रश्न सुटला की विणकामावर, चहावर, शेजाऱ्यांवर कसंबसं जगता येत होतं.

सरकारी मदत काहीच नव्हती?

स्कॉटलंडच्या 1845च्या कायद्याप्रमाणे पॅरिश मंडळ, म्हणजे स्थानिक पातळीवरचं मंडळ, निराधारांना थोडं देई, पण धडधाकट माणसाला हक्काने काही मागता येत नसे आणि दिलेलं अगदी जेमतेम असे. सत्तरी ओलांडलेल्यांना आठवड्याला पाच शिलिंग पेन्शन 1909 पासून सुरू झालं. विधवांचं निवृत्तिवेतन 1925च्या कायद्याने आलं. कामावर मेलेल्याची भरपाई देणारा 1906चा कायदा होता, पण माशांच्या वाट्यावर काम करणाऱ्या मच्छीमाराला त्यातून वगळलेलं होतं. कारण काय, तर तो ‘नोकर’ नाही, भागीदार आहे. बुडताना मात्र भागीदारी सारखीच.

दुर्घटनेनंतर लोकवर्गणी जमायची ना?

जमायची, आणि कधी कधी भरपूर. 1881च्या ऑक्टोबरमध्ये स्कॉटलंडच्या आग्नेय किनाऱ्यावर आयमथ आणि शेजारच्या गावांतले 189 मच्छीमार एका दुपारी बुडाले, 129 एकट्या आयमथचे. त्या निधीत सुमारे 54,000 पौंड जमले, त्या काळात अफाट रक्कम. बायकांना आठवड्याची ठराविक रक्कम मिळू लागली. पण असा निधी म्हणजे समिती, समिती म्हणजे गावातले प्रतिष्ठित पुरुष, आणि त्यांच्या मर्जीची जाणीव त्या बाईला कायम असणार. घरांच्या बाबतीतही कुणीतरी निवड करतच असणार, ते दान निरागस होतं असं मी म्हणत नाही. तरी दर आठवड्याला हात पसरणं आणि आपल्या दाराची किल्ली आपल्याकडे असणं यात फरक आहे.

ब्रिटनमध्ये अशी आणखी घरं आहेत का?

आहेत. इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावर ग्रेट यारमथला ‘फिशरमेन्स हॉस्पिटल’ आहे, 1702चं. नावात हॉस्पिटल असलं तरी तो दवाखाना नाही. म्हाताऱ्या, थकलेल्या मच्छीमारांसाठी अंगणाभोवती बांधलेल्या छोट्या खोल्या आहेत. व्हिटबीला खलाशांच्या कुटुंबांसाठीची घरं त्याहून जुनी, सतराव्या शतकातली. दोन्ही ठिकाणी गावाने किंवा जहाजमालकांनी मिळून केलेली सोय होती. लर्विकची एका माणसाने.

बाजूची ती मोठी इमारत कसली?

अँडरसन एज्युकेशनल इन्स्टिट्यूट, 1862. तीही त्यांचीच देणगी. शेटलंडच्या मुलांना बेटांवरच चांगलं शिक्षण मिळावं म्हणून. पुढे तिचं अँडरसन हायस्कूल झालं आणि 2017 मध्ये शाळा गावातच क्लिकिमिन भागातल्या नव्या इमारतीत गेली.

घरं आतून बघता येतात का?

नाही. ती राहती घरं आहेत, संग्रहालय नाही. रस्त्यावरून बघा, खिडक्यांत डोकावू नका, दारासमोर उभं राहून फोटोसेशन करू नका.

मग लर्विकला जाऊन या विषयातलं काय बघावं?

ग्रेमिस्टाचं अँडरसन यांचं जन्मघर आहेच. आता तिथं शेटलंडच्या विणकामाचं संग्रहालय आहे, त्यामुळे एका छपराखाली मासा आणि लोकर दोन्ही गोष्टी सापडतात. गावातलं शेटलंड म्युझियम हेज डॉकवर आहे. होड्या बघायला तिथं वेळ राखून ठेवा. उत्तरेला उन्स्ट बेटावर हॅरॉल्ड्सविकला ‘बोट हेवन’ नावाचं छोटं संग्रहालय आहे. तिथल्या होडीशेजारी उभं राहिलं की डेक नसणं म्हणजे काय ते लगेच कळतं. ग्लूपचं स्मारक लांब आहे, मधे फेरीने येल बेटावर जावं लागतं, पण दिवस मोकळा असेल तर जा.

पोचायचं कसं?

अ‍ॅबर्डीनहून रात्रीची फेरी, साधारण बारा ते चौदा तास. समुद्र लागत असेल तर गोळी आधी घ्या, लाटा सुरू झाल्यावर उपयोग नाही. विमानाने आलात तर सम्बरा विमानतळावर उतराल. तिथून लर्विक सुमारे 25 मैल, बस मिळते. बंदरापासून ट्वेगॉस रोड चालत जाण्याइतका जवळ आहे. जून-जुलैत रात्री अकरालाही उजेड असतो, त्यामुळे जेवण उरकून निघालात तरी चालेल. वारं मात्र बाराही महिने असतं, छत्री नेऊ नका, टोपीचं जॅकेट न्या.